व्हर्नन प्रुस्कीच्या घराची चाकं

व्हर्नन प्रुस्कीच्या तोंडाला काही धरबंध नव्हता. बोलिंग सेंटरच्या मागच्या अंगाला, पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात त्याची हयात गेली होती आणि अडलेल्या यंत्राला तो तेलाच्या आधी शिवी घालायचा. असा हा माणूस, पण एक शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या राज्याचं नाव. मिशिगन. आपण घेतलं, आपलं काय जातंय. व्हर्ननचं जात होतं. तो ओहायोचा, तोही अगदी उत्तर टोकाचा, टोलेडोच्या कडेचा. फुटबॉलपायी या दोन राज्यांचं जे विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, त्याचं बाळकडू त्याला पाळण्यातच मिळालेलं.

जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्या लाजेने. हा घेत नसे तो रागाने. 'तिकडे वर' म्हणायचा आणि हनुवटी उत्तरेकडे उडवायचा. नोव्हेंबरात दोन राज्यांचा सामना असतो, त्या आठवड्यात तर तो लाल चिकटपट्टीचं रीळ घेऊन सेंटरभर फिरायचा आणि त्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजी एम, जिथे म्हणून दिसेल तिथे फुली मारायचा. खाण्याच्या यादीवर, कॅलेंडरवर, पुरुषांच्या संडासाच्या दारावर. आता हे गावात सगळेच करतात, त्यामुळे त्याला कुणी वेडा म्हणत नसे. पण लग्नात बायकोच्या मावशीने दिलेली निळी चादर केवळ ती तिकडच्या रंगाची म्हणून त्याने कुत्र्याला दिली, आणि कुत्राही तिच्यावर झोपत नाही हे आल्यागेल्याला अभिमानाने सांगितलं. हे मात्र जरा जास्तच होतं.

अशा माणसाच्या पोटी रेनाटा आली.

रेनाटाला खोक्यांचं वेड. लहानपणी वाढदिवसाला खेळणं आलं की खेळणं राहायचं बाजूला आणि ही बया खोकं उलगडून बसायची. घडी कुठे पडते, जीभ कुठल्या खाचेत अडकते, कोपरा का चेपत नाही. दहावीत असताना तिने पुठ्ठ्याचं एक डबडं केलं, आत कच्चं अंडं ठेवलं आणि बापाला म्हणाली, "सेंटरच्या छपरावरून टाक."

बड तिथेच होता. बड म्हणजे व्हर्ननचा जिवाभावाचा दोस्त, ट्रॅक्टरं दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "फुटणार."

"फुटणारच," व्हर्नन म्हणाला.

पण दोघांचं एकच मत असलं तर पैज लावायची कुणाशी. मग व्हर्ननने नाइलाजाने पोरीची बाजू घेतली. अंडं फुटलं नाही. बड हरला, आणि सेंटरच्या स्वयंपाकघरात त्याने तेच अंडं तळून बापलेकीला अर्धं अर्धं वाढलं.

पुढच्या वर्षी एक दिवस जेवताना रेनाटा म्हणाली, "मला हेच शिकायचंय."

"काय, अंडी टाकायला?"

"पॅकेजिंग, बाबा. चार वर्षांची पदवी असते."

"खोक्यात चार वर्षं काय शिकतात? बूड खाली, झाकण वर. झाला अभ्यास."

"आपला टीव्ही फुटका आला होता, तेव्हा तू त्या दुकानदाराला तासभर काय काय बोलत होतास?"

व्हर्ननने पिरोगी, म्हणजे त्यांची ती बटाट्याची उकडलेली करंजी, तोंडात टाकली आणि चावत बसला. मुद्दा बिनतोड होता. "बरं," तो म्हणाला. "शिकवतात कुठे हे?"

रेनाटाने फक्त हनुवटी उत्तरेकडे उडवली.

व्हर्ननचा घास घशातच अडकला. त्याची बायको डार्लीन, जी शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांना रोज वाढते आणि कुणाच्या नखऱ्यांना भीक घालत नाही, तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

विद्यापीठ सरकारी होतं, पण सरकार त्यांचं. आपल्या राज्यातल्या पोरांना एक भाव आणि बाहेरच्यांना जवळजवळ तिप्पट. नवरा-बायकोचा पगार एकत्र केला आणि वर्षभर घरात कुणी जेवलं नाही, तर बाहेरच्यांची फी भरता आली असती. शिष्यवृत्तीवाल्यांच्या दृष्टीने प्रुस्की पुरेसे गरीब नव्हते आणि बँकेच्या दृष्टीने पुरेसे श्रीमंत नव्हते. मधल्यांचे हाल कुत्रं खात नाही म्हणतात ते हेच. तिकडच्यांच्या भावात मात्र जमलं असतं. थोडं कर्ज, थोडी रेनाटाची सुट्टीतली कामं, थोडा पोटाला चिमटा.

डार्लीनने तिकडे फोन करून नियम विचारून घेतला. घरच्यांनी वर्षभर आधी तिथे राहायला हवं, लायसन तिथलं, कर तिथला, आणि कायमचं घर तिथेच करायचा इरादा हवा. मग तिने खिडकीचा पडदा बाजूला केला.

"व्हर्नन, आपल्या घराला चाकं आहेत."

"आहेत."

"आणि रस्त्यापलीकडे एक जागा रिकामी झालीय."

आता हे घर कसलं, तर ट्रेलर. लांबोडकं पत्र्याचं घर, भाड्याच्या जागेवर उभं केलेलं. आणि ते उभं होतं सीमेच्या रस्त्याला लागून. रस्त्याची अलीकडची कड ओहायोची, पलीकडची मिशिगनची. पलीकडेही अशीच ट्रेलरांची वस्ती. व्हर्नन इतकी वर्षं इथे राहत होता, पण त्या बाजूच्या खिडकीत बसून त्याने कधी कॉफी प्यायली नव्हती.

"डार्लीन, काय बोलतेयस तू. माझा आजा पोलंडहून निघाला, अख्खा समुद्र ओलांडला आणि इथे येऊन थांबला. आणखी चार पावलं टाकता येत नव्हती का त्याला? नाही टाकली."

"त्याची गाडी इथे बंद पडली होती. तुझ्याच आईने सांगितलंय मला."

पुढचे काही दिवस व्हर्ननने तो पडदा ओढूनच ठेवला. मग एक दिवस कामावरून आला तर रेनाटा टेबलाशी बसून गावातल्या लहान कॉलेजची माहिती वाचत होती. हिशेबनीस व्हायचा अभ्यासक्रम.

"तुला हिशेब आवडतात?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"जवळ आहे."

ती रुसली नव्हती, रडली नव्हती. रडली असती तर त्याने दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. हे असं शहाण्यासारखं बोलणं त्याला सहन झालं नाही. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि थोड्या वेळाने आत डोकावून म्हणाला, "पदवी झाली की त्याच दिवशी परत यायचं. त्याच रस्त्याने. याच जागेवर."

"हो," डार्लीन म्हणाली. तिने तोंड फिरवून हसून घेतलं.

घर हलवायचा दिवस वस्तीतल्या लोकांनी खुर्च्या टाकून पाहिला. रस्ता दोन राज्यांचा, म्हणून परवाने दोन, पोलिसांच्या गाड्या दोन, आणि दोन्ही पोलीस एकमेकांकडे न बघता उभे. बडचा ट्रॅक्टर घर ओढत निघाला आणि रस्त्याच्या बरोबर मध्यावर येऊन बंद पडला. स्वयंपाकघर ओहायोत, झोपायची खोली मिशिगनमध्ये. बड ट्रॅक्टरचं टोपण उघडून आत घुसला. डार्लीनने आत जाऊन कॉफी टाकली.

"राहू दे रे असंच," व्हर्नन बडला म्हणाला. "दोघांचंही समाधान."

"आणि संडास कुणाच्यात आला, ते बघ आधी," बड म्हणाला.

व्हर्ननने खरंच वाकून बघितलं. तिकडच्यात आला होता. त्याला जरा बरं वाटलं.

पलीकडे घर लागलं, पण व्हर्ननने ते उलटं लावून घेतलं. तोंड दक्षिणेला, ओढायचा लोखंडी दांडा ओहायोकडे रोखलेला. अशा वस्तीत घर लागलं की लोक खालची चाकं काढून टाकतात आणि बुडाशी पत्र्याची झालर लावतात, म्हणजे खालून वारं शिरत नाही. व्हर्ननने ना चाकं काढली, ना झालर लावू दिली. "पाहुण्याने कधी चपला लांब ठेवाव्यात का?" असं त्याचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांनी तो घराखाली सरपटत जायचा आणि चाकांना ग्रीस लावून यायचा. जानेवारीत खालचे नळ गोठले तेव्हा डार्लीन केस वाळवायचं यंत्र घेऊन बर्फात पालथी पडली आणि तिथून नवऱ्याला जे बोलली ते ऐकून पलीकडच्या ओहायोतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. शेवटी बडने गवताचे गठ्ठे आणून घराभोवती रचले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गोठाच आहे.

गाडीला तिकडची नंबरप्लेट लागली. ती तिकडे फक्त मागच्या बाजूला असते, म्हणून व्हर्नन सेंटरवर गाडी उलटी घालून भिंतीला चिकटवून लावू लागला. त्यामुळे गाडी आणखीच नजरेत भरायला लागली, आणि रोज कुणी ना कुणी विचारायचं, "का रे व्हर्नन, गाडी रुसलीय का?"

रेनाटाने शेवटचं वर्ष तिकडच्या शाळेत काढलं. शाळेत तिची ओळख 'ती ओहायोवाली' अशी झाली. डबा खाताना शेजारी कोण बसतं, असं डार्लीनने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "खिडकी आहे ना." फेब्रुवारीत तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. आता ठरायचं होतं एवढंच, की ती इथली की बाहेरची. इथली ठरली तर जाणार, बाहेरची ठरली तर हिशेब शिकणार. डार्लीनने लायसन, कराचे कागद आणि घराचा फोटो असं सगळं विद्यापीठाकडे पाठवून दिलं.

एप्रिलमध्ये व्हर्नन कामावर असताना त्याला फोन आला. विद्यापीठात हा निवाडा करणाऱ्या ट्रेंबली बाई बोलत होत्या. आवाज गोड होता, पण प्रश्न सुईसारखे.

"मिस्टर प्रुस्की, फोटोत तुमच्या घराला चाकं दिसतायत."

"आहेतच ती."

"आजूबाजूच्या घरांना नाहीत."

"त्यांनी काढली असणार."

"तुम्ही नाही काढलीत?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो, वेळच मिळाला नाही. आमचा गडी पडला फटकळ. तो म्हणाला, "काढली तर परत कसे जाणार?"

"परत कुठे?"

"घरी," व्हर्नन म्हणाला. म्हणाला आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. पण बाण सुटला होता.

ट्रेंबली बाईंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की फीपुरतं येऊन राहिलेल्यांना इथले धरता येत नाही. त्या पुढच्या मंगळवारी शेवटचा फोन करतील, आणखी काही दाखवायचं असेल तर तोवर पाठवा.

घरी त्याने खरं खरं सांगून टाकलं. डार्लीन म्हणाली, "एवढं तोंड चालतं तुझं, एक दिवस त्याला लगाम घालता नाही आला?" आणि भांडी आपटायला लागली. रेनाटा म्हणाली, "असू दे, बाबा. तू खोटं नाही बोललास. शाळा संपली की जूनमध्ये परत जाऊ या घरी. तुलाही बरं."

'तुलाही बरं' हे व्हर्ननच्या जिव्हारी लागलं. पोरीने वर्षभर परक्या शाळेत खिडकीला सोबत घेऊन डबा खाल्ला, हूं की चूं केलं नाही, आणि आपण? आपण चाकांना ग्रीस लावत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला सवयीची नव्हती, त्यामुळे तिचं करायचं काय हेही त्याला कळेना. तो तसाच उठला आणि त्याने बडला फोन लावला. "शनिवारी ये. जॅक आण आणि लोखंड कापायचं यंत्र आण."

शनिवारी दोघांनी घर जॅकवर उचललं, खाली सिमेंटचे ठोकळे सरकवले आणि चाकं एकेक करून काढली. ग्रीस भरपूर होतं, लोण्यासारखी निघाली. मग बड त्या लोखंडी दांड्यापाशी येऊन थांबला.

"चाकं काढली ती पुन्हा लावता येतात. हा कापला की हे घर कुठे हलायचं नाही. बघ हं."

"काप."

"व्हर्नन, लेका, आपण लहानपणापासून..."

"मला माहितेय. काप म्हणतोय ना."

बडने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि कापायला घेतलं. ठिणग्या उडाल्या. काम झाल्यावरही त्याने बराच वेळ चष्मा काढला नाही, आणि व्हर्ननने त्याला काढ म्हटलं नाही. डार्लीनने नवीन फोटो काढला. त्यात व्हर्ननही आला, कापलेला दांडा हातात धरून, सुतकी तोंडाने.

मंगळवारी दुपारी सेंटरवर म्हाताऱ्यांचा खेळ असतो. एरवी हळूहळू चालणारी ही मंडळी बॉल मात्र अशी फेकतात, की छप्पर उडावं. बड काउंटरवर सूप पीत बसला होता. फोन वाजला. व्हर्ननने एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन लावला.

"फोटो मिळाला," ट्रेंबली बाई म्हणाल्या. "आता एकच प्रश्न, त्याचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकून लिहायचंय. तुमचं कायमचं घर कुठल्या राज्यात आहे?"

"इथेच," व्हर्नन म्हणाला.

"इथे म्हणजे?"

"म्हणजे हे आपलं, इकडे. वर."

"मिस्टर प्रुस्की, नाव सांगा. असं 'वर' नाही लिहिता येत मला."

व्हर्ननने ओठ ओले केले. मान खाली घातली आणि बोलला. पण तेवढ्यात ॲग्नेस आजींनी एका फटक्यात सगळ्या पिना लोळवल्या आणि त्या गडगडाटात त्याचे शब्द विरून गेले.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

तो पुन्हा बोलला, तर पलीकडच्या पट्टीवर आणखी एक बॉल धडकला. व्हर्ननचा चेहरा घामाने डबडबला. ते नाव एकदा घेताना जीव गेला होता, आणि इथे तिसऱ्यांदा घ्यायची पाळी आली.

बडने सूप खाली ठेवलं. उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने यंत्रांचा मोठा खटका खाली ओढला. सगळी यंत्रं एकदम बंद पडली. म्हातारे हातात बॉल घेऊन जागच्या जागी वळले. त्या जागेत अशी शांतता व्हर्ननने उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"बोल लेका," बड म्हणाला. "आम्ही कुणी ऐकत नाहीयोत."

आणि तो खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं बघून एकेक म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. ॲग्नेस आजीसुद्धा, बॉल पोटाशी धरून.

"मिशिगन," व्हर्नन म्हणाला. चांगलं खणखणीत म्हणाला. "मिशिगनमध्ये आहे माझं घर."

"आणि मुलीचं शिक्षण संपल्यावर?"

"चाकं नाहीत, बाई. जाणार कसा?"

पलीकडे बाई हसल्यासारख्या वाटल्या. "ठीक आहे, मिस्टर प्रुस्की. इथले म्हणून लिहिते तुम्हाला."

व्हर्ननने फोन ठेवला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. कुणी वळेना. शेवटी ॲग्नेस आजी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "झालं असेल तर यंत्रं चालू करा. बॉल जड आहे."

ऑगस्टच्या शेवटी नवरा-बायको रेनाटाला सोडायला निघाले. सगळं सामान तिने स्वतःच्या हाताने केलेल्या खोक्यांत भरलं होतं. एकही कोपरा चेपला नव्हता. वसतिगृहासमोर दोन रांगा होत्या आणि निळा अंगरखा घातलेली एक बाई पोरांना वाट दाखवत होती. तिची नजर व्हर्ननच्या डोक्याकडे गेली. त्याची ओहायोची लाल टोपी. जन्मभर घातलेली, म्हणून घालून आलाय हे त्याच्या गावीच नव्हतं.

"बाहेरच्या राज्यातले त्या रांगेत, साहेब," बाई म्हणाली.

व्हर्ननने चटकन टोपी काढून खिशात कोंबली. त्याचं टक्कल उन्हात चमकलं आणि तो एकदम म्हातारा दिसला.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही इथले."

बाईने मान हलवून रस्ता दिला. डार्लीन नवऱ्याकडे बघत राहिली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी तिने ते पुसलं नाही. रेनाटाने हातातलं खोकं खाली ठेवलं, बापाच्या खिशातून टोपी ओढून काढली, गुडघ्यावर नीट सरळ केली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"घाल, बाबा," ती म्हणाली. "फी भरून झालीय."

व्हर्ननने टोपी घट्ट बसवली, खोकं उचललं आणि इथल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.